पणजीला मुलं किती?

मी गेली अठरा वर्षं ओहायोमधल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये सोशल स्टडीज शिकवते. मंडळात कुणाशी नवी ओळख झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "सोशल स्टडीज म्हणजे हिस्टरी का?" मी सांगायला लागते, थोडा इतिहास, थोडं नागरिकशास्त्र, आणि नववीला ह्यूमन जिऑग्राफी. तेवढ्यात समोरच्याचं लक्ष बटाटेवड्यांच्या रांगेकडे गेलेलं असतं. मॅथ आणि सायन्स सोडून बाकीचे विषय मुलांनी आपापले उरकायचे, ही आपली घरोघरची रीत मला ठाऊक आहे. त्यामुळे अंकासाठी "तुमच्या कामाबद्दल लिहा" असा निरोप आला तेव्हा म्हटलं, ही संधी सोडायची नाही. एकाच धड्याबद्दल लिहिते. तुमच्या घरात नववीतलं मूल असेल तर त्याला तो बहुधा याच दिवसांत शिकवला जातोय. आणि जी मुलं हा अंक फक्त इंग्रजी पानांपुरता उघडतात, त्यांना आईबाबांनी हा लेख मोठ्यानं वाचून दाखवावा, ही विनंती.

धडा लोकसंख्येचा आहे. एपी ह्यूमन जिऑग्राफीत तो दुसऱ्या युनिटमध्ये येतो. जन्मदर, मृत्युदर, वयाचे मनोरे, स्थलांतर. त्यात 'डेमोग्राफिक ट्रान्झिशन' नावाची एक आकृती असते. सुरुवातीला जन्म खूप आणि मृत्यूही खूप, त्यामुळे माणसं फारशी वाढत नाहीत. मग स्वच्छ पाणी, लशी, औषधं येतात आणि मृत्यूची रेषा खाली येते. जन्माची रेषा मात्र काही वर्षं वरच राहते आणि नंतर सावकाश उतरते. दोन रेषांच्या मधे जी फट पडते, तीच लोकसंख्यावाढ. शिकवायला वीस मिनिटं पुरतात. मुलं पाठ करतात, मे महिन्यात परीक्षेत लिहितात आणि जूनमध्ये विसरतात.

या आकृतीच्या शेजारी एक फोटो असतो. मी आजवर वापरलेल्या पुस्तकांत तो बहुतेक वेळा आपलाच निघाला. लोकलच्या दाराला लोंबकळणारी माणसं, नाहीतर फलाटावरची गर्दी. पान उघडलं की वर्गात कुणीतरी काहीतरी बोलतं आणि हशा होतो. मी त्या वेळी देशी मुलांकडे बघते. सगळ्यांच्या आधी ती हसतात. आपल्यावर हसू येण्याआधी आपणच हसून घ्यावं, हे चौदा वर्षांच्या मुलाला कुणी शिकवावं लागत नाही.

पण मंडळी, खरं सांगू का? त्या मुलांना तो फोटो नवा नसतो. त्यातला अर्थ त्यांनी घरीच ऐकलेला असतो. आपल्यापैकी जे माझ्या वयाचे आहेत, त्यांनी नववी-दहावीत 'लोकसंख्येचा भस्मासुर' या विषयावर निबंध लिहिलाय. मी तर बक्षीस मिळवलं होतं. तो निबंध आपण अजूनही पॉटलकला बोलून दाखवतो. रस्ते का खराब, अ‍ॅडमिशन का मिळत नाही, नद्या का घाण? "इंडियाचा प्रॉब्लेम एकच हो, पॉप्युलेशन." हे म्हणणारे काका स्वतः पाच भावंडांतले चौथे असतात. मी काही बोलत नाही, पंगतीत हिशेब काढू नये. पण शेजारी प्लेट घेऊन उभ्या असलेल्या मुलाच्या डोक्यात काय जातं? आपल्याकडची माणसं जास्त आहेत. म्हणजे नक्की कोण जास्त? आजी की मामा?

ही भाषा आपणही कुठून तरी उचललेली आहे. १९६८ साली पॉल एर्लिक या स्टॅनफर्डच्या जीवशास्त्रज्ञाचं 'द पॉप्युलेशन बॉम्ब' प्रसिद्ध झालं. त्याची सुरुवात दिल्लीत होते. उकाड्याच्या रात्री लेखक बायको आणि मुलीबरोबर टॅक्सीतून चालला आहे आणि खिडकीबाहेर माणसंच माणसं. सत्तरच्या दशकात कोट्यवधी लोक उपासमारीनं मरतील, असं त्यात भाकीत होतं. ते तसं उतरलं नाही. त्या टॅक्सीबद्दल मी वर्गात एक साधं गणित घालते. १९६१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या २७ लाखांच्या आत होती, १९७१ ला ४० लाख. उपनगरं धरून पॅरिस त्या सुमाराला ८० लाखांच्या घरात होतं. मग पॅरिसच्या टॅक्सीत बसून कुणाला असं का वाटलं नाही? यावर मुलं चांगली भांडतात. एक जण म्हणाला, "पॅरिसमधली माणसं घरात होती." मला आठवड्याभराच्या चर्चेला तेवढं वाक्य पुरलं. रस्त्यावर दिसणारी गर्दी ही कितीदा तरी घरं नसण्याची, कामाच्या जागा लांब असण्याची, गाड्या कमी असण्याची गोष्ट असते.

त्यामुळे मी पुस्तक पहिल्या दिवशी उघडतच नाही. प्रत्येकाला कोरा कागद देते आणि घरी फोन करायला सांगते. कुठल्याही एका बाजूनं वर जा आणि लिहून आणा, पणजीला मुलं किती, आजीला किती, आईला किती. जमलं तर जन्मसालंही. दत्तक मुलं असतात, ज्यांना घरी असं विचारणं शक्य नाही अशीही असतात. त्यांनी शेजाऱ्यांचं घर घ्यावं नाहीतर एखाद्या चरित्रातलं कुटुंब, मला चालतं.

दुसऱ्या दिवशी सगळे आकडे भिंतीवर लावतो. आमच्या शाळेत जर्मन शेतकऱ्यांच्या वंशातली मुलं आहेत, केंटकीच्या कोळशाच्या डोंगरांतून इकडे आलेल्या कुटुंबांची आहेत, मेक्सिकन आहेत, सोमाली आहेत, आपली आहेत. भिंतीवर दिसतं असं : ७, ३, २. नऊ, सहा, तीन. सोमाली मुलीचं ९, ८, ५. आपल्या मुलांचं ८, ४, २, किंवा १०, ५, १. एखादा आकडा उलटा जातो, पण भिंतीपासून चार पावलं मागं सरकून पाहिलं तर उतार एकच दिसतो. मग मी सांगते की १८०० साली अमेरिकेतल्या बाईला सरासरी सात मुलं होत. वर्गात थोडी शांतता पसरते. उतारावरून सगळेच आलेत, कुणी दोनशे वर्षांपूर्वी निघालं, कुणी पन्नास.

माझ्या कागदावर चौथा रकानाही आहे, 'जगली किती'. तो माझ्या आजीमुळे आला.

आजी कऱ्हाडची. तिला मुलं किती, असं विचारलं की ती सहा म्हणायची. आई म्हणायची अकरा. लहानपणी मला वाटे, दोघींपैकी एकीला मोजता येत नाही. आजी दुपारी उन्हात पाय पसरून बसली की कधीतरी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत नावं घ्यायची. अकरा पेरं मोजून व्हायची. एक पटकीनं गेला, एक मुलगी तापानं. तिघं आठवड्याभरातच गेली, त्यांना नावंही ठेवलेली नव्हती. त्यांच्या पेरावर अंगठा नुसता टेकवायची आणि पुढे जायची. "पाळण्यापर्यंत पोचलीच नाहीत," एवढंच म्हणे. नाळ घरातल्या विळीनं कापायची पद्धत होती. तो धनुर्वात असावा, असं आता वाटतं.

जिला अकरातली सहा हाताला लागली, तिनं दोनच मुलं होऊ द्यायला हवी होती का? वर्गातल्या कुठल्याही मुलाला हा प्रश्न विचारा, तो लगेच नाही म्हणतो. आकृतीतली वरची रेषा का उतरत नव्हती, हे तिथे त्याला कळतं. माझ्या आईला तीन मुलं झाली, तिन्ही जगली. तिसऱ्यानंतर माहेरी जाऊन तिनं स्वतःच ऑपरेशन करून घेतलं आणि सासूला महिन्यानं सांगितलं. आजी चिडली नाही म्हणे. "बरं केलंस," म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. मला एकच मुलगी. भारतात १९७१ साली जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत दगावत, २०२० मध्ये २८. हे दोन आकडे मी फळ्यावर लिहिते आणि मग आजी, आई आणि मी, असे तिघींचे आकडे त्यांच्याखाली.

इथेच जामखेड सांगते. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी नगर जिल्ह्यातल्या त्या दुष्काळी भागात काम सुरू केलं. गावातल्याच बायकांना, त्यातल्या कितीतरी निरक्षर आणि दलित, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बाळंतपण सुखरूप कसं करायचं, जुलाब लागलेल्या लेकराला काय पाजायचं, वजन कसं बघायचं. मुलं जगायला लागली तशी बायका आपणहून पाळणा थांबवायचं बघू लागल्या. जगभरातले लोक शिकायला तिथे येतात. माझ्या वर्गातल्या देशी मुलांना कॅलक्युलसची स्पेलिंग येते, जामखेडचं नाव मात्र एकालाही माहीत नसतं. त्यांना कोण सांगणार? मराठी शाळेत आपण शिवाजी महाराजांवर थांबतो.

तसंच र. धों. कर्वे. 'ध्यासपर्व' सिनेमा पाहिलेल्यांना आठवत असतील. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, मुंबईत गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपलं केंद्र काढलं तेही त्याच वर्षी. या कामापायी नोकरी गेली, खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, ते 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत राहिले आणि घर बरंचसं मालतीबाईंनी चालवलं. मुलं किती आणि कधी व्हावीत हे बाईनं ठरवावं, हा त्यांचा मुद्दा. अमेरिकन पुस्तकांत मार्गारेट सँगर असते, कर्वे नसतात. मी फळ्यावर दोघांची नावं शेजारी शेजारी लिहिते.

आता कडू भाग. कर्व्यांनी बाईच्या हाती द्यायला सांगितलेला निर्णय पुढे सरकारनं आपल्या हाती घेतला. कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम १९५२ साली सुरू करणारा भारत जगातला पहिला देश. लाल त्रिकोण आणि 'हम दो, हमारे दो' तुम्हाला आठवत असेलच. आणीबाणीत त्याच कार्यक्रमाला आकडे चिकटले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. ते कायदा झालं नाही, एवढंच नशीब.

माझे धाकटे काका तेव्हा खेड्यात मास्तर होते. मास्तरांना 'केसेस' आणायचा आकडा ठरवून दिला होता. आकडा भरला नाही, पगार थांबला. काकांनी पहिली केस स्वतःची दिली. दुसरी मळ्यातल्या एका गड्याची, ज्याची साठी उलटून गेली होती आणि ज्याच्या थोरल्या नातीचं लग्न ठरलं होतं. पगार सुटला. हे मला काकूनं सांगितलं. काका या विषयावर अवाक्षर बोलले नाहीत, आणि तो गडी आमच्या घरासमोरून जाताना पुन्हा कधी थांबला नाही. तेव्हापासून पुरुषांच्या शस्त्रक्रियेचं नाव जे खराब झालं ते झालंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत स्त्रियांची नसबंदी जवळपास ३८ टक्के, पुरुषांची ०.३. भार परत बाईवर. 'माणसं जास्त झाली' या वाक्याच्या शेवटी काय येऊ शकतं, ते मुलांना दाखवायला मला काकांचा गडी लागतो.

एका पालकांनी मला एकदा मेल केली होती. भारताच्या मुला-मुलींच्या गुणोत्तराचा तक्ता वर्गात दाखवू नका, इथल्या मुलांसमोर आपल्या मुलांना खाली बघावं लागतं. त्यांची तगमग मला समजते. तक्ता मी दाखवते. सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. यात सगळ्यात खाली जाणाऱ्यांत माझा ऊसपट्टा, सधन, सोनोग्राफी परवडणारा. कुटुंब लहान हवं आणि त्यात मुलगा हवाच, या दोन हट्टांचा तो गुणाकार आहे. साताऱ्यात नको असताना झालेल्या मुलींना 'नकुशी' नाव ठेवत, आणि २०११ मध्ये जिल्ह्यातल्या अडीचशेहून अधिक नकुशींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. हेही सांगते, आणि गर्भलिंगनिदानावर देशात पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानंच केला, तोही कार्यकर्त्यांनी झगडून करून घेतला, हेही सांगते. मूल खाली बघतं ते अर्धी गोष्ट ऐकल्यामुळे, असं माझं मत आहे.

आणि आताचे आकडे? भस्मासुरवाल्या काकांनी इथे बसून घ्यावं. त्याच २०१९-२१ च्या पाहणीप्रमाणे भारतात बाईमागे सरासरी २.० मुलं. लोकसंख्या स्थिर राहायला साधारण २.१ लागतात. महाराष्ट्र १.७, बिहार ३.०. अमेरिका २०२३ मध्ये १.६ च्या आसपास, म्हणजे महाराष्ट्र आणि आपण आता जवळजवळ एका पायरीवर. दक्षिण कोरिया २०२३ मध्ये ०.७२. "मग २०२३ मध्ये भारत चीनच्या पुढे कसा गेला?" हा प्रश्न दरवर्षी येतो. मी एस.टी.चं उदाहरण देते, जे त्यांना समजत नाही, मग फ्रेट ट्रेनचं देते. ब्रेक दाबला तरी भरलेली गाडी बरंच अंतर पुढे जाते. आधीच्या पिढीत जन्मलेल्या मुली आज आया झाल्यात. प्रत्येकीला दोनच मुलं झाली तरी आयाच खूप आहेत.

युनिटच्या शेवटी स्थलांतर येतं, तिथे आपली मुलं थोडी सैलावतात. १९६५ च्या कायद्याआधी भारतीयांचा वर्षाचा कोटा १०० होता, हे ऐकून वर्ग उडतो. मग त्यांना आपल्या मंडळाचाच वयाचा मनोरा काढायला लावते. मधे फुगलेला, तीस ते पन्नास. व्हिसा कामाच्या वयाच्यांना मिळतो, दुसरं काय होणार? वरचं टोक अगदी बारीक, कारण आजीआजोबा सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर येतात, लोणचं घालून देतात आणि परत जातात. जनगणनेत ते कुठेच नसतात. त्यांचं म्हातारपण तिकडच्या मनोऱ्यात मोजलं जातं, इथून व्हिडिओ कॉलवर सांभाळलं जातं. हे एका मुलीनं स्वतःहून वर्गात म्हटलं, मी शिकवलेलं नव्हतं.

तर माझं तुमच्याकडे काम आहे. या दिवाळीत फोन कराल तेव्हा फराळ झाला का, एवढ्यावर फोन ठेवू नका. मुलाला शेजारी बसवा आणि आजीला विचारा, तुझ्या आईला किती मुलं झाली, तुला किती, जगली किती, आणि पाळणा थांबवायचं कुणी ठरवलं. थेट विचारलं तर ती सहाच सांगेल. नावं विचारा. घाई करू नका, मधे शांतता आली तर ती भरू नका. मुलाला मराठी तोडकं येत असेल तर उत्तम, आज्या नातवंडांना जे सांगतात ते आपल्याला सांगत नाहीत.

गेल्या वर्षी मंडळातल्याच एका बाबांनी मुलीच्या कागदासाठी नगरला आईला फोन लावला. पन्नास वर्षं ते स्वतःला पाच भावंडांतला शेंडेफळ समजत होते. आईनं सात सांगितली, वरच्या दोघांची नावंही सांगितली. एकाचं नाव त्यांना स्वतःला दिलेलं होतं. रात्री साडेअकराला मला त्यांची मेल आली, रकान्यात पाच लिहायचं की सात? मी सात लिहायला सांगितलं.